वरची साय

नळीवर चिठ्ठी चिकटवताना नेहमीसारखंच लिहिलं:
म्याकल लिंगय्या, पुरुष, एकाहत्तर, उपाशीपोटी.
मग आठवलं, हे आपलेच नायना.
बाकड्यावर बसलेत, दंडावर कापूस दाबून,
समोरचं कॅलेंडर वाचल्याचं नाटक करत.

साखर पेठेतल्या या लॅबमध्ये
रोज चाळीस-पन्नास जणांचं रक्त मी गरगर फिरवते.
यंत्र थांबलं की माणूस दोन थरांत उभा असतो,
खाली लाल, वर पिवळसर नितळ पाणी.
नायनांचं पाणी आज नितळ नव्हतं.
पातळ ताकासारखं, गढूळ पांढरं.

त्यांचा उजवा डोळाही तसाच झालाय.

मला माहीत आहे, कोलेस्टेरॉल असं नुसतं दिसत नसतं.
हा दुधाळपणा दुसऱ्या चरबीचा,
आणि बहुधा पहाटे चोरून खाल्लेल्या
कडक भाकरीचा, शेंगाचटणीचा, वरच्या तेलाचा.
कोलेस्टेरॉल आकड्यात येतं. दुपारी आलं: दोनशे अठ्ठ्याहत्तर.
तरी दिवसभर डोक्यात
एक पांढरं दुसऱ्या पांढऱ्याला हाका मारत राहिलं.

डॉक्टर हत्तुरेंनी डोळ्यात विजेरी मारली.
"कडेची ही करडी कडी चरबीची असू शकते.
तिनं नजर जात नाही.
मोतीबिंदू आतला. ते खातं वेगळं."
"पण रक्तातली चरबी?" मी.
"काही अभ्यासांत दोघं जोडीनं सापडतात, काहींत नाही.
जोडीनं सापडले म्हणजे एकानं दुसऱ्याला आणलं असं थोडंच?
वय आहे, साखर आहे, यांच्या विड्या आहेत,
आणि आपलं सोलापूरचं ऊन.
कुणाकुणाचं नाव घेणार?"

"म्हणजे तेल सोडून उपयोग नाही," नायना खुशीत.
"हृदयासाठी सोडा."
खुशी तिथंच संपली.

मग डॉक्टरांनी कागदावर कांदा चिरल्यासारखं काहीतरी काढलं.
भिंगात रक्त जातच नाही, म्हणाले.
एक शीर नाही. नुसते तंतू,
थरावर थर.
जुना कधी टाकला जात नाही, नवा त्याच्यावर बसतो,
सगळ्यात मधला आईच्या पोटातला.
आणि त्या तंतूंच्या आवरणात खच्चून भरलेलं काय,
तर कोलेस्टेरॉल.
त्याच्याही आधारानं भिंग इतकी वर्षं आरपार राहतं.

सकाळपासून ज्याच्यावर मी आळ घेत होते
ते त्या घराचंच लिंपण निघालं.

नायना मात्र 'तंतू' या शब्दापाशीच थांबले होते.
चाळीस वर्षं त्यांनी चादरींच्या नक्षीचे पत्ते पाडले,
जॅकार्डच्या पुठ्ठ्याला भोक, भोकातून सुई,
सुईच्या हुकमानं उचललेला धागा.
प्रत्येक पत्ता उजेडाकडे धरून तपासायचे.
उजेड येईल तिथं मोर.

"एकाहत्तर वर्षांचा ताणा," ते म्हणाले.
"काढल्यावर मला द्याल?"
"आख्खं निघत नाही. आतच फोडतो, मग ओढून घेतो."
"म्हणजे वेस्ट."
"म्हणजे वेस्ट," डॉक्टर हसले.
नायना हसले नाहीत.

ऑपरेशन गुरुवारी.
आत्ता रात्रीचे अकरा, दत्त नगरात लाइट गेलेली,
आणि ते अंथरुणावर बसून
पायावरच्या चादरीवरून बोटं फिरवतायत.
"ह्या मोराच्या तुऱ्यात एक ठिपका कमी आहे.
माझ्याच हातून गेला. तू झालीस त्या आठवड्यातला पत्ता."

एकतीस वर्षं मी ही चादर पांघरते.
मोबाइलचा उजेड तुऱ्यावर धरलाय.
ठिपके मोजते, चुकते, पुन्हा मोजते.
"सापडला?" ते विचारतात.

अजून नाही, नायना.