साडेनऊ ते दीड

पणजीच्या कदंब स्टँडवरून सुटतो आम्ही: नऊ माणसं, दोन मुलं,
त्यांतली एक सून बस लागणारी,
आणि मी, हातात छत्री. ऊन असो नसो,
छत्री वर धरली की माणसं मागून येतात.
ड्रायव्हरचं नाव कायतान, शेवटच्या चर्चचंही तेच.
हा विनोद मी रोज सव्वाबाराला करते.

पहिला थांबा, चांदीची पेटी.
आवाज हळू, खांदे झाकलेले, फोटो बिनफ्लॅशचे.
“खरंच आत आहेत का हो?”
आहेत, म्हणते मी. रांग सरकते.
एक बाई सवयीनं चपला काढते
आणि ओशाळून पुन्हा घालते.
मला आवडतं तिचं तेवढंच अनवाणी असणं.

मग से कॅथेड्रल. मनोरा एकच.
दुसरा कोसळला, सतराशे शहात्तर,
असं म्हटलं की सगळे वर बघतात
जिथं काही नाही तिथं.
तेरा वर्षं दाखवतेय मी लोकांना
ती रिकामी जागा.
अजून कुणी म्हणालं नाही, दिसत नाही.

वीस मिनिटं. पाणी. लिंबूसोडा.
मुलांना टोप्या हव्यात, गोवा लिहिलेल्या.

हणमंत पाथरुट, सोलापूर,
सगळ्यांत मागची सीट, सकाळपासून गप्प.
ते थांबले त्या एकट्या दाराशी,
जिथं आम्ही थांबत नाही.
आदिलशाही वाड्याचं दार: दोन खांब, वर एक आडवा.
घर गेलंय कधीच.
तळहात ठेवला त्यांनी, नाडी बघावी तसा.

“हा इथला नाही.”

सगळं शहर तांबडं, जांभ्याचं, भोकाभोकांचं,
पाऊस पिऊन बसलेलं.
हा काळा.
“आमच्या वरचा आहे. घाट उतरून आलाय.
टाकी बघा की. डावखुऱ्याची.”
अंगठा एका घावावरून दुसऱ्यावर.
माझ्या माहितीपत्रकात राजे आहेत, बिशप आहेत,
डावखुरं कुणी नाही.

कसं कळलं, विचारलं मी.
“बाप डावखुरा माझा.
त्याचे घाव मी उजव्यानं घासून काढायचो,
मुकादमाला चालायचे नाहीत.”
मग खिशातून बिडी काढली,
चर्चकडे बघून परत ठेवली.

विनोद राहून गेला.

नदीवर आलो, कमानीखालून.
दिवाडीची फेरी लागत होती धक्क्याला.
सून म्हणाली, पलीकडे काय आहे बघायला?
काही नाही, म्हणते मी नेहमी. शेतं. गाव.
इथून काय काय ओलांडून गेलं
रात्रीचं, धोतरात गुंडाळून,
आधी कुळाचा देव, मग त्याच्यामागून कुळ,
ते अर्ध्या दिवसात बसत नाही.
पूर्ण दिवसाच्या टूरमध्ये जेवण असतं.

पाथरुट पाण्याकडे बघत म्हणाले,
“एवढ्या लांबून आणला. परत कोण नेतंय.”
“आई राहते माझी तिकडे,” मी म्हणाले,
कुणी विचारलं नसताना.
तिकीट किती?
माणसाला फुकट.

एक वाजून पाच. कायताननं हॉर्न दिला.
मी डोकी मोजली. मुलं दोन, माणसं आठ.
पुन्हा मोजली.
फेरी मधोमध होती,
स्कूटर, माशांची टोपली, पोदेराची सायकल,
आणि कठड्याशी एक पांढरी टोपी,
आमच्याकडे पाठ करून.

सून ओरडली, मामंजी!
मुलं नाचायला लागली.
मी छत्री वर धरली, तेवढंच येतं मला.
टोपी वळली नाही.

कायतान बॉनेटला टेकला, पाव मोडला.
“परतून येता गे फेरी. पंदरा मिंटां.”
मी सुनेला सांगितलं.
तिनं विचारलं, याचे जादा पैसे पडतील का.