चार बोटांचं अंतर

आल्प्सच्या उत्तर उतारावरच्या त्या खोऱ्यात
शेत विकलं गेलं की
सात-सात वर्षांची पोरं गोळा करायचे,
हद्दीच्या दगडापाशी उभी करायचे,
आणि काहीएक न सांगता
एकेकाचा कान असा पिळायचे
की कळ थेट म्हातारपणापर्यंत पोचावी.
मग हातावर मध लावलेला पाव.
साक्षीदार तयार झाला.

साठ वर्षांनी तंटा उभा राहिला
तेव्हा वोल्फहार्ट एक शब्द बोलला नाही.
गुडघाभर बर्फातून चालत गेला
उजवा कान चोळत,
आणि एका जागी थांबून रडला.
तिथं उकरलं. दगड निघाला.
दोन्ही घरची माणसं टोप्या काढून परत गेली.

पुढे मठातून गिसलबर्ट उतरला,
काखेत वासराचं कातडं, कमरेला शाईचं शिंग.
लोक हसले.
मेलेल्या वासराला काय ठाऊक आमची हद्द?
त्याला शपथ कशी घालणार?
खोटं बोललं तर त्याची जीभ कुठे झडणार?
गिसलबर्टही हसला, आणि लिहीत राहिला.

वोल्फहार्टचा पणतू कोर्टात गेला
तो कान पुढे करूनच.
कारकुनानं मान वर केली नाही.
"लेखी काही?"

लेखी नव्हतं.
मग मठानंच, चार अंडी आणि एक डुक्कर घेऊन,
जुनं कातडं खरवडलं,
दीडशे वर्षांपूर्वीची तारीख घातली,
मेलेल्या सरदाराचा शिक्का उमटवला,
धुरावर धरून पिवळं केलं.
कागद सपशेल खोटा.
त्यातली हद्द वीतभरही चुकलेली नाही.
तो अजून आहे, काचेखाली, जिल्ह्याच्या दप्तरखान्यात.
खाली पाटी: बनावट.

साखळी घेऊन आलेल्या मोजणीदारांचं मी सांगत नाही.
त्यांनी उन्हाळ्यात मोजलं. लोखंड उन्हानं वाढतं.

आता ओटिलिया येते, तिपाई मांडते,
आकाशातल्या सात-आठ उपग्रहांना विचारते.
उत्तर येतं, दशांशचिन्हापुढे लांबच लांब.
दगड अडीच मीटर खाली आहे.
कोणी हलवला नाही. डोंगरच सरकतोय,
गवत, गाई, प्रार्थनेची घंटा, सगळं घेऊन.
काळ्या दगडावरची रेघ शाबूत आहे,
दगडच निघालाय.

कोर्बिनियन, वय एक्क्याऐंशी, काठी टेकत वर आला.
"इथंच," म्हणाला. "आजोबांनी इथंच मला थोबाडीत दिली होती.
पाव मात्र दिला नाही. लढाईचे दिवस होते."
ओटिलियानं फॉर्म खालीवर चाळला.
थोबाडीत कुठल्या रकान्यात भरायची?
शेवटी 'इतर' मध्ये लिहिलं,
आणि नंतर, मी पाहिलं, खोडलं.

संध्याकाळी बॅटरी संपली.
आम्ही त्याच दगडावर बसून सफरचंद खाल्लं.
मी तिला आमच्याकडची म्हण सांगितली:
खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर,
डोळा आणि कान यांच्यामधलं.

तिनं हातमोजा काढला.
डोळ्याच्या कडेपासून कानापर्यंत बोटं टेकवून पाहिली,
शिस्तीत, मोजणीदारासारखी.
गार हवेत तिची बोटं लाल, बारीक.
"पाच," म्हणाली.