पाकिटातला कागद

हेमांगी भोईर, घणसोली गावठाण.
पिशवी तिने टेबलावर उपडी केली:
पाच पाकिटं, अर्धवट रिकामी,
आणि एक कागद, आठ घड्यांचा,
मुंगीहून बारीक इंग्रजीत.
एका ओळीखाली नणंदेने पेनाने रेघ मारलेली,
शेजारी मराठीत: गरोदर बाईने घेऊ नये.

"सगळं बंद केलं, मॅडम.
दोन रेघा दिसल्या त्याच सकाळी."

सगळं?

"सगळं."

मी हात मागितले. तिने ओढणीतून काढले उशिरा,
उधारी मागायला आल्यासारखे.
बोटांची मुळं पुरीसारखी टम्म,
मनगट तापलेलं.
खिडकीबाहेर ठाणे-बेलापूर रोडवर टँकरची रांग,
एमआयडीसीचा तो गोडसर, नकोसा वास.
म्हणाली, "सासूबाय वळखते आवाजावरनं.
बोलते, तुझी भाकरी आता थापल्यासारखी वाजत नाय."

कागद प्रत्येक गोळीला घाबरतो.
त्याला कोर्टाची भीती आहे,
हिला बाळाची.
मला दोन्हींची, पण ती मी ड्रॉवरमध्ये ठेवते,
रबरी शिक्क्याशेजारी.

मग आम्ही पाकिटं वेगळी करत बसलो,
तांदूळ निवडावे तशी.
रविवारची पिवळी?
ती तर गणपतीतच सोडली होतीस,
मीच म्हटलं होतं, आधी तीन महिने मोकळे जाऊ देत, मग पाळणा.
ते तू ऐकलंस. शाबास.
ही पांढरी, कडू. ही मात्र सोडायची नव्हती गं.
ही चालते. पोटात बाळ असताना,
अंगावर पाजतानाही.
ही नारिंगी, लघवी पिवळी करणारी, हीसुद्धा,
फॉलिक ॲसिडचं बोट धरून.
दुखण्याची गोळी मला विचारून, मोजून,
आणि पाचव्या महिन्यापासून तिला दार बंद.

"आणि ते इंजेक्शन, जे बाजूच्या बाईला देता?"

त्याची माहिती थोडी आहे.
थोडी म्हणजे वाईट नव्हे.
थोडी म्हणजे थोडी.
तुला त्याची गरजही नाही.

तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही,
मी मोठ्या खुर्चीत बसते म्हणून.

कळव्याची एक बाई होती, अकरा वर्षांपूर्वी.
तिनेही सगळं बंद केलं होतं, बाळासाठीच.
आधी चेहऱ्यावर लाली आली,
मग पायांवर सूज,
मग लघवीच्या बाटलीत फेस.
मी तेव्हा नवी होते. "घेत राहा" एवढंच म्हटलं होतं,
का, ते सांगितलं नव्हतं.
तिचं नाव इथे लिहीत नाही.

म्हणून हेमांगीला का ते सांगितलं.
की तुझा आजारही रक्तातून फिरतो,
त्याचाही डोस बाळापर्यंत पोचतो, सकाळ-संध्याकाळ,
न विचारता.
फक्त आजाराच्या पाकिटात
कागद नसतो.

ती बराच वेळ गप्प.
बाहेर कंपाउंडर पुढचं नाव पुकारत होता, दोनदा, तीनदा.
मग तिने नणंदेचा तो कागद उलटा केला,
कोऱ्या कडेवर बोट ठेवलं:
"हितं लिहून द्या. मराठीत. मोठं."

लिहिलं. डॉक्टरी अक्षर बाजूला ठेवून,
शाळेतल्या सारखं, शिरोरेघेसकट.

नंतरचे महिने बरे गेले. हात निवले,
कधीकधी निवतात, पोट वाढताना;
पुढे परत पेटतील, हेही सांगून ठेवलं होतं.
पेटले. बाळ पाच आठवड्यांचं असताना.

रात्री पावणेअकराला फोन.
मागे कुणी भांडी आवरतंय, कुणी रडतंय, बारीक, तालात.
"मॅडम, सासूबाय बोलते दूध कडू होईल.
डब्याचं आणायला दीर निघालाय, चपला घातल्यात त्याने."

म्हटलं, चपला काढायला सांग.

"पण आधी गोळी, का आधी दूध?"

तुझ्या या गोळ्यांना आधी-नंतर काही नाही.
तू जेवलीस का?

पलीकडे शांतता.
"नाय अजून."

मग आधी ते.