बाजूचं चित्र

पंखा बंद केलाय. वाऱ्यानं व्हिनाइल उडतं
आणि स्वतःलाच चिकटतं, मग सुटत नाही.
पहाटेचे पाच. परभणीत एप्रिलात
यानंतर काही चिकटवू नये, सगळंच सैल पडतं,
असं मुजीब रेडियमवाला म्हणाला,
ज्यानं वसमत रोडवरच्या निम्म्या ऑटोंना
'आईचा आशीर्वाद' कापून दिलाय.

प्लायवूडचा डबा, माझ्या उंचीचा.
कोंडिबा सुतारानं कापला, घासला मी.
तीन रविवार पॉलिश पेपर, लांबी, पुन्हा पेपर.
डोळे मिटून तळहात फिरवायचा.
डोळा खडा सोडून देतो. व्हिनाइल सोडत नाही:
खाली राईएवढा कण राहिला, की वर डोंगर.

"मॅडम, ही बाजू भिंतीला लागणार," मुजीब म्हणाला,
"कोण बघायलंय तिकडून? समोरचं चांगलं करा,
स्क्रीन, बटणं. बाजूला साधा काळा मारा."

मी.
मी बघायचे तिकडून.

नानलपेठेत, चौऱ्याण्णव साली,
चक्कीला लागून पत्र्याचं एक पार्लर होतं.
रुपयाला एक डाव. पोरांची रांग.
मुलींनी आत यायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं;
लिहायची गरज नव्हती.
विश्वंभर आत जायचा, मी सायकल धरून उभी.
दाराच्या फटीतून मशीनची एकच बाजू दिसायची:
निळं आभाळ, तलवार, उधळलेला घोडा
आणि वर बसलेलं कुणी, ज्याचं तोंड
कुणीतरी नखानं खरवडून नेलेलं.
आतून आवाज यायचे, मारलं, मेलं, अजून एक रुपया दे,
ते सगळे मी त्या घोड्यालाच लावले.
दोन वर्षं. पिठाचा वास, हँडलची तापलेली रबरी मूठ.
घोडा एक पाऊलही पुढं गेला नाही.

साबणाचं पाणी फवारते.
नळ अकराव्या दिवशी आला, त्यातलं बाटलीभर.
मागचा कागद वरून वीतभरच सोलायचा.
कड टेकवायची, थांबायचं,
मग रबरी पट्टी मधून बाहेर, मधून बाहेर,
लाइट गेल्यावर साडी हातानंच दाबावी तशी.
पाणी कडेनं निथळून पायांवर येतं.
आभाळ बसलं. तलवार बसली.
घोड्याच्या मानेवर तिरकं गेलं;
उचललं परत, श्वास न सोडता.

चित्र मीच काढलंय, पाठकोऱ्या कागदांवर,
दहावी 'ब'चे पेपर तपासता तपासता.
तोंडाशी अडले. ते मला ठाऊकच नव्हतं.
चार वेळा खोडलं. पाचव्यांदा जे झालं
ते जरा तिरळं आहे. राहू दिलं.
आणि फुगा आला तो नेमका त्याच्या गालावर.
सुईनं टोचला, बोटानं दाबला,
मिनिटभर ड्रायर धरला.
एक बारीक पुटकुळी राहिलीच,
नुकतं वयात आल्यासारखी.

पुण्याहून विश्वंभरचा फोन. "काय करायलीस इतक्या पहाटे?"
सांगितलं. हसला. "गेम कोणते टाकणारेस?"
मला एकाही गेमचं नाव येत नाही.
त्याला सगळी येतात; सांगत सुटला.
स्पीकरवर ठेवून मी ब्लेडनं कडा कापत राहिले,
लांब लांब पट्ट्या फरशीवर पडत गेल्या.
मधेच थांबून म्हणाला,
"अगं, सायकल तुझीच होती ना ती?"
"हो," म्हटलं. "माझीच."

साडेसहा. बटणांची भोकं मोकळी, आत वायर नाही,
स्क्रीन नांदेडहून यायचाय.
डबा ओढून खोलीच्या मध्यावर आणला
आणि दारात जाऊन उभी राहिले, बाजू दिसेल अशी.
दूधवाला आला. पातेलं पुढं करायचं राहिलं.
तोही बघत राहिला माप हातात धरून.
"घोडा लई भारीय," म्हणाला. "चालतो का?"

"परवा," मी म्हटलं.