फुलवालीला

वच्छला, तुला कोणतं फूल द्यावं
हा एकच प्रश्न घेऊन मी पंधरा दिवस
जळालेल्या मोटारींतली तांब्याची तार उकलत होतो.

दुसऱ्या कुणासाठी सोपं असतं.
हिंगणघाटला जायचं, प्लॅस्टिकात गुंडाळलेला गुलाब घ्यायचा,
बसमध्ये तो मांडीवर उभा धरायचा.
तुला दिला असता
तर तू आधी देठ दाबून पाहिलं असतंस,
मग विचारलं असतंस, "केवढ्याले देला?"
आणि वीस ऐकून कपाळावर हात मारला असतास.

शेवंती तुझ्याकडं पावशेरानं असते.
झेंडू तुझ्या नखांत इतका मुरलाय
की भाकरीवरही पिवळे ठसे उठत असतील.
मोगऱ्याचं तर नावच नको.
ओल्या दोऱ्यानं कापलेलं तुझं बोट
मी बघितलंय, सुटे परत घेताना.
फूल म्हणजे तुला
उन्हं चढायच्या आत खपवायचा माल,
आणि न खपलेलं फूल
संध्याकाळी शेळीपुढं टाकलेला तोटा.

पराटीचं आणावं, असंही मनात आलं.
आज पिवळट, उद्या गुलाबी,
आपल्या वयाला शोभणारं.
पण कुणाच्या वावरातलं ते फूल तोडणं
म्हणजे त्याचं बोंडच तोडणं.
तुरीचं फार बारीक.
कर्दळ ग्रामपंचायतीची.

मग बुधवारी, बाजाराच्या दिवशी,
पोथऱ्याच्या काठानं सायकल हाकताना
नत्थूजी भोयरांच्या वावरात जवस दिसला.
निळा.
हा रंग तुझ्या पाटीत कधी आला नाही,
त्याला भाव नाही, त्याचा गजरा होत नाही,
कोणता देव तो मागत नाही.

नत्थूजींना विचारून मूठभर घेतली.
म्हणाले, "काय करता बावा याचं? औषीद होय का?"
मी हो म्हणालो.

जेवणाच्या डब्यात ओलं फडकं, फडक्यात फुलं,
आणि पाच किलोमीटर खड्डे.
तुझ्यापुढं उद्याच्या गुरुवारच्या बायांची झुंबड.
मी पानठेल्याला टेकून थांबलो.
एक खर्रा संपला, दुसरा संपला.
गर्दी विरळ झाली तेव्हा डबा उघडला
तर आत नुसती देठं,
आणि फडक्याला चिकटलेल्या निळ्या चिंध्या.

"काय होय हे?"
"जवसाचे फुलं होते."
"होते?"

(मनात तुला तू म्हणतो. तोंडानं अजून तुमी.)

तू हसली नाहीस.
एक देठ उचललंस, नखानं नाही,
बोटाच्या पोटानं चाचपलंस.
"दुपारलोक टिकतच नाई हे.
कोनी सांगतलं नाई का तुमाले?"
मग पुढच्या गिऱ्हाइकाचा हार बांधता बांधता,
वर न बघता,
"आनता येत नसन, त मले नेजा तिथं."

शुक्रवारी, दिवस वर यायच्या वेळी,
चप्पल काढून तू धुऱ्यावर बसलीस.
वारा नव्हता.
सगळं वावर गुडघ्याएवढं, निळं.
तू एकही फूल तोडलं नाहीस.
तुझे हात मांडीवर होते, उताणे.
मी ते रिकामे कधी पाहिलेच नव्हते.
थंडीविषयी मी काहीतरी बोललो,
तू हूं म्हणालीस.

पहिली पाकळी गळाली तशी उठलीस,
नऊच्या गाडीनं झेंडूची पोती यायची होती.
धुऱ्याच्या टोकाशी वळून विचारलंस,
"उद्या पुन्हा फुलते का हे?"
"हे नाई, दुसरं," मी म्हणालो. "त्याच झाडाले."

चैत्रात दुरुस्तीला टाकलेला तुझा कूलर
वैशाखातच नीट झाला होता.
मार्गशीर्ष लागला, तो माझ्याच दुकानात आहे.
त्या सकाळीही तू त्याचं विचारलं नाहीस.
मी परत येऊन त्याच्यावरची धूळ पुसली.