शेवटच्या खांबावरची मोटार

देवबागेत वीज पोचते ती दमूनच.
डीपीपासून संगमापर्यंत एकच तार,
वाटेत होमस्टेंचे एसी, गिझर, माडांत गुंडाळलेली रोषणाई,
आणि अगदी शेवटच्या खांबावर
सत्यभामा कुबलचं बर्फ फोडायचं मशीन.

मोसमात तिसऱ्यांदा जळलेली मोटार
तिनं माझ्या फळीवर आदळली.
"साबिरभाय, दिवो पेटता,
मगे मोटार कित्याक जळता?"

झाकण काढलं. करपलेल्या वार्निशचा वास,
तांब्याचे वेढे काळे पडलेले.
"दिवा समजूतदार," म्हटलं,
"दाब घटला की मिणमिणत बसतो.
मोटार तुझ्या वळणाची.
बर्फ फोडायचा म्हणजे फोडायचा."

रात्री आठला दोनशे तीसचे एकशे साठ होतात.
खडूनं फळीवर लिहून दाखवलं:
व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॉट.
ती खडूकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली.

मग होडीचं सांगितलं.
एका पाटीत मासळी किती, ते व्होल्ट.
मिनिटाला खेपा किती, ते अँपिअर.
मिनिटाला काठावर माल किती पडला, ते वॉट,
आणि व्यापारी तेवढंच मोजतो.

"म्हणजे पाट्यो ल्हान झाल्यो
तर खेपो वाढतल्यो."
"हो."
"आणि रेंव तापलेली."

पुढचं मला सांगावं लागलं नाही.
खेपा दीडपट, तर चटके दुपटीहून जास्त;
वर्गाचा हा हिशोब शाळेत मला दोन वर्षं कळला नव्हता.
तिनं नुसते पाय चपलांत सारखे केले.

"स्टॅबिलायझर लावलंय तर?"
लाव. तुझ्या पाट्या भरतील,
पण जादा खेपा तारेवरून येतील
आणि शेजारच्या अनसूयेचा दिवा आणखी वाकेल.
ती थोडा वेळ गप्प.
"तिचो झील धावीक आसा," म्हणाली, आणि उठली.

आता मशीन पहाटे चारला लागतं,
वारा गार सुटून एसी थांबले की.
तेव्हा दोनशे दहा मिळतात, मी मीटर लावून पाहिलेत.
अंथरुणातून ऐकतो, आवाज सरळ येतो,
मध्येच बर्फाची लादी अडकल्याचा एक कण्ह.

वायंडिंगचे चारशे अजून बाकी आहेत.
मागायला गेलो की बांगड्यांची पाटी पुढे सरकवते
आणि विचारते,
"एका खेपेत व्हरतलस, काय दोन?"