सात आणि सात

मुंग्यांना आधी कळलं.
मागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे,
जिथे मुनीम जाऊन बसायचा,
त्या मातीवर काळी रांग लागली,
सराफ्यात रात्री दहाला लागते तशी.
श्रीरंग म्हणाला, फिनाइल टाक.
टाकलं.
दुसऱ्या दिवशी रांग होतीच, फिनाइलला वळसा घालून.

पाणी तर बादलीतून प्यायचा, कुंडीखालच्या बशीतून प्यायचा.
उन्हाळा आहे, म्हणालो आम्ही.
दुप्पट जेवायचा, आणि पाठीचे मणके
बोटांनी मोजता यायचे.
वय झालं, म्हणालो.
मग तो मागच्या टाचा टेकवून चालू लागला,
कुणाच्या तरी मोठ्या सपाता घातल्यासारखा.
तेव्हा कुठे रिक्षा केली.

नवलख्याचे डॉक्टर राठौर म्हणाले, शुगर है.
चार सौ बयासी.
मी विचारलं, मांजराला?
ते म्हणाले, बहनजी, इंदौर का है ना.
श्रीरंग हसला. एकटाच.

काचेची एवढीशी बाटली. हलवायची नाही,
तळहातांत फिरवायची, वात वळावी तशी.
सुई लाल टोपणाची, चाळीसची.
केमिस्टने दोनदा केशरी टोपणाची दिली,
दोनदा परत केली.
मात्रा एक युनिट. म्हणजे थेंबसुद्धा नाही,
थेंब पडण्याआधी करतो तो विचार.

पहिल्या दिवशी सुई कातडीतून आरपार गेली,
केस ओले झाले, घराला दवाखान्याचा वास आला.
फोनवर राठौर म्हणाले, दुबारा मत लगाना.
गेलं ते गेलं, संध्याकाळी बघू.
मुनीम शांतपणे मान चाटत बसला.
आमचेच हात थरथरत होते,
धरणाऱ्याचेही.
श्रीरंगला सुई बघवत नाही.
तो धरतो, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो.

सकाळी सात. संध्याकाळी सात.
ग्वाल्हेरला मामेबहिणीकडे लग्न होतं, मी एकटी गेले.
तीस वर्षं आम्ही दोघं या घरात,
दूध आलं का, वीजबिल भरलं का, एवढंच बोलतो.
आता तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारतो,
खाल्लं का त्याने? पूर्ण खाल्लं?
खाल्ल्याशिवाय सुई नाही, हे त्याचं पाठ आहे.

कपडा मार्केटच्या पेढीवरची एक लांबट वही त्याने काढली.
रकाने आखले. वेळ, जेवण, आकडा, युनिट,
आणि शेवटी शेरा.
शेरा: गुरगुरला.
शेरा: सज्ज्यावर चढला, उतरवावा लागला.
शेरा: रागावला. रास्त आहे.

एका पहाटे मुनीम दारापाशी लडखडला.
डोळे उघडे, पण त्यात आम्ही नव्हतो.
कान टोचला. आकडा एकेचाळीस.
मध कुठे, मध कुठे, मी डबे पाडत होते,
आणि तो, ज्याला सुई बघवत नाही,
काल पोह्यांबरोबर आणलेल्या पुडीतली
शिळी जिलबी दाबून
बोटभर पाक
मुनीमच्या हिरड्यांवर चोळत होता,
नाव घेत होता त्याचं, जी लावून.
मुनीमजी. ओ मुनीमजी.
नऊ मिनिटं.
वहीत त्या दिवशीचं अक्षर तिरकं आहे.
शेरा: चावला. बरं वाटलं.

डॉक्टरांनी अर्धं युनिट केलंय.
मुंग्या कमी झाल्यात. चारदोन अजून येतात, चौकशीला.
टाचा अजून टेकतोच.

सुया आम्ही जाड बरणीत साठवतो.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते,
तेव्हा ती वेगळी द्यायची.
गाडीवरची पोरगी बरणी हलवून बघते.
किसको है आंटी?
मुनीमजी को, म्हणून जातं माझ्या तोंडून.
बड़े हैं घर में?
हां, मी म्हणते. बड़े हैं.
चाय फीकी दिया करो, ती म्हणते,
आणि पुढच्या घराची ओली बादली उचलते.